आधी चेंबर उघडा

प्रश्न : आमचे मानेवाडा भागात दुमजली घर आहे, 22 वर्षांपूर्वी बांधलेले. खाली आम्ही, वर भाडेकरू. जून संपता संपता नवाच त्रास सुरू झाला. वॉशिंग मशीनने पाणी सोडले की संडासाच्या भांड्यात गुडगुड होते आणि न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी वर येते. वरच्यांना काहीच त्रास नाही, म्हणून सासूबाईंचा संशय त्यांच्यावरच. प्लंबरने दोनदा ॲसिड ओतले. दोन दिवस बरे गेले, पुन्हा तेच. आता तो न्हाणीची फरशी फोडायची म्हणतो. फोडू द्यावी का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नका फोडू देऊ, ताई. निदान आज तरी नाही.

अर्धे निदान तर तुमच्या पत्रातच आहे. एकटी न्हाणी तुंबली असती, तर केस-साबणाचा गोळा तिच्या जाळीखालीच सापडला असता. इथे पाणी सोडते मशीन, गुरगुरतो संडास आणि उलटते न्हाणी. तिन्ही एकदम बोलायला लागले की चोक त्यांच्या पुढे असतो, तिघांचे पाणी एकत्र झाल्यानंतरच्या पाइपात. मशीन बादली-दोन बादल्या पाणी एका दमात ढकलते. पुढे वाट नसली की पाइपातली हवा मागे फिरते आणि भांड्यातल्या पाण्यातून बुडबुडे काढते. तीच तुमची गुडगुड. मगाने आंघोळ केली तर तेवढे पाणी झिरपत निघून जाते, म्हणून दोष मशीनचा वाटतो.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, आणि हेही सांगा की पाणी नेहमी सगळ्यात खालच्या तोंडातून उलटते. वरच्यांनी सोडलेले पाणीसुद्धा तुमच्याच न्हाणीत येणार. ते सुखात आहेत ते उंचीमुळे. त्यांनी काही टाकले की नाही, हे चेंबर उघडल्यावर बघू.

चेंबर म्हणजे सांडपाण्याच्या पाइपावरचा झाकणाचा छोटा हौद. एक चेंबर संडासाच्या भिंतीबाहेर असेल आणि शेवटचा गेटजवळ. तिथून पुढे रस्त्यावरची गडर लाइन, म्हणजे महापालिकेचे गटार. पहारीने झाकण सरकवा, पण लगेच वाकून पाहू नका. दहा-पंधरा मिनिटे उघडे राहू द्या, आत कोंडलेला वायू निघून जाऊ दे. पोरांना घरात ठेवा, विडी-उदबत्ती लांब. मग कोणाला तरी संडासात बादलीभर पाणी ओतायला सांगा. पहिल्या चेंबरमध्ये पाणी आलेच नाही, तर अडचण घर आणि चेंबर यांच्यामध्ये आहे. पहिला भरलेला आणि गेटजवळचा रिकामा, तर मधला पाइप चोक आहे. दोन्ही काठोकाठ असतील तर चोक गेटच्या पुढे, बहुधा महापालिकेच्या लाइनमध्ये आहे आणि तुमच्या फरशीचा त्यात काहीच गुन्हा नाही.

चेंबर सापडत नाही, असे आता तुम्ही म्हणाल. अर्ध्या नागपुरात तो अंगणातल्या गट्टूखाली, म्हणजे पेव्हर ब्लॉकखाली गाडलेला असतो. 35 वर्षे प्लंबिंगचा ठेकेदार असलेल्या माझ्याच घरी, नंदनवनात, 2009 साली मी अंगणाला गट्टू बसवून घेतले आणि दोन्ही झाकणे खाली गेली. पुढच्याच पावसाळ्यात पाणी उलटले. पहारीचे टोक ठोकत, पोकळ आवाज ऐकत मी अंगणभर फिरत होतो आणि बायको दारात उभी राहून म्हणत होती, “लोकांच्या घरी डॉक्टर, आपल्या घरी वैदू!” तेव्हापासून झाकणावरच्या गट्टूंना मी लाल रंग देतो.

तुमच्या बाबतीत माझा संशय मधल्या पाइपावर आहे, कारण तुम्ही लिहिलेय जूनअखेर. खरे सांगा, कूलर कुठे धुतला? पहिला पाऊस पडला की आपले सगळे गाव कूलर उतरवते आणि वाळ्याच्या नाहीतर लाकडी काड्यांच्या ताट्या अंगणात किंवा न्हाणीत झटकते. एकेक काडी काही करत नाही. पण पाइपाचा जोड जरासा वरखाली असला की ती तिथे अटकते. तिला केस गुंडाळतात, केसांना साबण आणि स्वयंपाकघरातले तूप-तेल धरते. असा एक गोळा मी कामटीने, म्हणजे बांबूच्या लांब चिरलेल्या पट्टीने ओढून काढला होता. मूठभर नव्हता, हातभर होता, सुगरणीच्या खोप्यासारखा घट्ट विणलेला. पाण्याखाली धरला तर आतून शाम्पूच्या पुडीचा तुकडा आणि एक रुपयाचे नाणे निघाले.

अशा गोळ्यावर ॲसिड काय करणार? मधून एक बीळ पाडते, दोन दिवस पाणी जाते, बीळ पुन्हा भरते. वर सिमेंटचे जोड आणि चेंबरचा गिलावा खाऊन टाकते. ॲसिडनंतर ब्लीचिंग पावडर तर चुकूनही टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, आणि न्हाणीत पळायला जागा नसते. आता जो माणूस येईल त्याला ॲसिड ओतल्याचे आधीच सांगा, नाहीतर पहिला शिंतोडा त्याच्या डोळ्यात जायचा. काम चेंबरच्या बाजूने, उलट्या दिशेने करायला सांगा, कामटीने किंवा स्प्रिंग मशीनने.

चार-सहा महिन्यांनी पुन्हा तेच झाले तर मात्र जुन्या चिनी मातीच्या पाइपाच्या जोडात उंबर-पिंपळाचे मूळ शिरले असेल. ते कापले तरी परत येते. तेवढा तुकडा बदलून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी टाका, दहा फुटांना तीन इंच उतार ठेवून. मिस्त्री अंदाजाने म्हणाला तर त्याच्या हातात लेव्हल ट्यूब द्या. आणि गच्चीचे पावसाचे पाणी कोणी गुपचूप याच लाइनला जोडलेले नाही ना, तेही बघून घ्या.

दोन्ही चेंबर भरलेले निघाले, तर महापालिकेच्या झोन कार्यालयात तक्रार द्या आणि गटार साफ करणारी मशीनची गाडी मागा. “दोनशे रुपये जास्त द्या, आत उतरून काढतो,” म्हणणारा कोणी भेटेल. त्याला उतरू देऊ नका. गटारात सडक्या अंड्याच्या वासाचा वायू असतो, तो जास्त झाला की आधी नाकच बधिर करतो, मग वास येईनासा होतो आणि माणूस गाफील राहतो. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा फक्त ठेकेदारासाठी नाही, काम सांगणाऱ्या घरमालकालाही लागतो.

प्रश्न : एप्रिल-मे मुलाकडे पुण्याला होतो. परत आलो तर फ्लॅटच्या बाथरूममध्ये गटाराचा वास. पाणी मात्र भरभर जाते. लाइन चोक आहे का?
– एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : नाही हो, काका. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे वाकड्या पाइपात, दोन इंच पाणी कायम उभे असते, तेच गटाराच्या वासाला अडवते. आपल्या मे महिन्यात ते टिकेल कसे? सुकून गेले. प्रत्येक जाळीत दोन तांबे पाणी ओता, पाहुण्यांच्या बाथरूममध्येसुद्धा. पुढच्या वर्षी निघताना वरून चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी उडायला वेळ लागतो. एवढे करून चार दिवसांनीही वास राहिला, तर परत लिहा.