लिमिट होल्डेममध्ये टर्नला सेट फोल्ड केला, बरोबर केलं का?

तुमचा पोकरचा प्रश्न थोडक्यात असा: ४/८ डॉलरचं लिमिट टेबल, म्हणजे बेटची रक्कम ठरलेली, पहिल्या दोन फेऱ्यांत ४ आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत ८. तुम्ही बटनावर (म्हणजे फेरीत शेवटी खेळणारे), हातात इस्पिक आणि चौकट नव्वी. कुणीही रेज न करता (बेट न वाढवता) सहाजण फ्लॉप, म्हणजे टेबलावरची पहिली तीन सामायिक पानं, बघायला आले. फ्लॉपवर बदाम नव्वी, बदाम छक्की, किलवर दुर्री, म्हणजे तुम्हाला टॉप सेट: हातातल्या जोडीला टेबलावरचं सर्वांत मोठं पान जुळून तीन नव्व्या. एकाने बेट लावली, तुम्ही रेज केलं आणि तुमच्यासकट चौघं उरले. टर्नला, म्हणजे चौथ्या सामायिक पानाला, बदाम राजा पडला. बिग ब्लाइंडने (पत्ते बघण्याआधी सक्तीची बेट टाकणाऱ्याने) बेट लावली, पुढच्याने लगेच रेज केलं, मधल्याने पत्ते टाकले. समोर फ्लश (इथे पाच बदाम) आहे हे ‘स्पष्ट दिसत होतं’, म्हणून तुम्हीही टाकले, म्हणजे फोल्ड केलं.

माझ्या मते ते चुकलं. आणि फ्लशचा तुमचा अंदाज शंभर टक्के खरा धरला, तरीही चुकलं.

पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, मोजू या. प्रीफ्लॉप (फ्लॉपच्या आधी) सहा जणांचे चार-चार, २४ डॉलर. फ्लॉपवर चौघांचे आठ-आठ, ३२. झाले ५६. टर्नला ८ ची बेट आणि रेजचे १६ मिळून पॉट ८० वर गेला. (रेक, म्हणजे कार्डरूमचा वाटा, सोडून देतो, त्याने निर्णय बदलत नाही.) तुम्हाला टाकायचे होते १६. म्हणजे पाचास एक भाव.

आता पानं. तीन छक्क्या, तीन दुर्र्या, तीन राजे, यातलं काहीही आलं की तुमचं फुल हाउस (तीन सारखी पानं आणि एक जोडी), आणि उरलेली एक नव्वी आली तर चार नव्व्या; दोन्ही फ्लशच्या वर. एकूण दहा पानं. तुम्हाला न दिसलेली पानं ४६. त्यातली ३६ विरोधात, १० बाजूने, म्हणजे ३.६ ला एक. भाव मिळतोय पाचास एक. तुम्ही मागे आहात हे माहीत असूनही कॉल (तेवढेच पैसे टाकून खेळात राहणं) नफ्याचा आहे.

मागून बिग ब्लाइंडने पुन्हा रेज केलं तर, ही शंका रास्त आहे. बहुतेक कार्डरूममध्ये एक बेट आणि तीन रेज झाली की कॅप लागतो, त्या फेरीत आणखी रेज करता येत नाही. सर्वांत वाईट धरू: टर्न कॅप झाला आणि तुमचे ३२ डॉलर गेले. तेव्हा पॉटमध्ये आधीचे ५६ आणि त्या दोघांचे ६४, असे १२० असतील. ३.७५ ला एक. अजूनही पुरतं! शिवाय बोर्ड जुळला (टेबलावरच्या पानांत जोडी आली) तर रिव्हरला, म्हणजे पाचव्या आणि शेवटच्या पानाला, फ्लशवाला सहसा पत्ते टाकत नाही, त्याच्याकडून आणखी एक-दोन बेट येतात, ते वेगळंच. राजांचा सेट कुणाकडे असेल तर मात्र तुम्ही बुडालात, पण राजांची जोडी घेऊन प्रीफ्लॉप गप्प बसणारे फार थोडे.

इथे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की पत्ते ‘किती मोठे’ आहेत यावरून फोल्ड ठरवू नका. त्याच जागी तुमच्या हातात किलवर आणि चौकट एक्का असता, तर मी म्हटलं असतं, टाका. एक्क्यांची जोडी म्हटली की बहुतेकांचा हात पत्ते सोडायला तयार होत नाही. पण समोर फ्लश असेल तर त्या जोडीला वाचवणारं एकही पान डेकमध्ये उरत नाही. तिसरा एक्का आला तरी फ्लश वरच. म्हणजे दोघांकडेही काही नाही, अशी वेळ सहात एकदा तरी येते असं वाटत असेल तरच तो कॉल, आणि चौथ्या माणसासमोर बेट आणि रेज करणाऱ्या दोघांबद्दल असं मानायला मी तयार नाही. त्यात एक एक्का बदामाचा असेल तर प्रकरण काठावर येतं: चौथं बदाम आलं तर सर्वांत मोठा फ्लश तुमचा, पण त्यांच्या हातातली बदामं तुमची पानं खातात. सेटला ही अडचण जवळजवळ नाही.

तुम्ही लिहिलंय की आधी तुम्ही गोव्यात नो-लिमिट, म्हणजे बेटला मर्यादा नसलेला खेळ, खेळत होता. सवय तिथली आहे. नो-लिमिटमध्ये समोरचा पॉटएवढी बेट लावतो तेव्हा तुम्हाला दोनास एक भाव मिळतो आणि पुढच्या फेरीत उरलेला सगळा स्टॅक (तुमच्या समोरचे पैसे) धोक्यात असतो. तिथे सेट टाकणं कधीकधी खरंच मोठं कौशल्य असतं. लिमिटमध्ये समोरच्याला किंमत वाढवताच येत नाही. तो कितीही ठाम असो, बेट आठचीच.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग: कॉल केला असता आणि रिव्हर कोरडी गेली असती, कामाचं पान आलंच नसतं, तर? समजा चौकट तिर्री पडली. टर्नला तिघांनी सोळा-सोळा टाकलेत, पॉट १०४. बिग ब्लाइंड चेक (बेट न लावता पाळी सोडली), दुसऱ्याची ८ ची बेट. ११२ साठी ८, म्हणजे चौदास एक. पंधरातून एकदा जिंकलात तरी बरोबरी. त्या माणसाकडे राजा-छक्कीच्या दोन जोड्या असू शकतात, दुर्रीचा किंवा छक्कीचा सेट असू शकतो, आणि या सगळ्यांना तुम्ही हरवता. कॉल. अशा जागी फोल्ड बरोबर निघाला तर आठ डॉलर वाचतात, चुकला तर एकशेबारा जातात. चौदा बरोबर फोल्डची कमाई एका चुकीच्या फोल्डमध्ये संपते. लिमिटमध्ये ‘मी ओळखलं होतं’ या समाधानाची किंमत फार जास्त आहे.

पण त्याच रिव्हरला बिग ब्लाइंडने स्वतःहून बेट लावली आणि दुसऱ्याने रेज केलं, तर? पॉट १२८, तुमचे १६, आठास एक. भाव कमी झाला, दोघांनाही हरवायला लागतं, आणि बिग ब्लाइंडला पुन्हा रेज करायची संधी आहेच. आता मदतीला येणारं पानही उरलेलं नाही. इथे मी सेट टाकतो. मी सॅन होजेकडच्या कार्डरूममध्ये खेळतो, तिथे लिमिट टेबल अजून लागतं, आणि ४/८ ला बसणारी माणसं बहुतेक कॉल करणारी असतात. तिसऱ्या बदामानंतर रिव्हरला बेटवर रेज करणारा माणूस तिथे दोन जोड्या दाखवत नाही. टेबलावर सतत रेज करणारा, कशावरही भिडणारा कुणी असेल तर गणित बदलेल. त्या माणसाने आधीच्या तासाभरात रिव्हरला काय उघडून दाखवलं, हे तुम्ही पाहिलेलं असलं पाहिजे. म्हणून पत्ते टाकून झाल्यावर फोन काढू नका, शोडाउन, म्हणजे शेवटी कोण काय पत्ते उघडतं ते, बघा.

कुणी तुम्हाला २०१५ चा दाखला देईल: अल्बर्टा विद्यापीठात मायकल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी सेफियस नावाचा प्रोग्रॅम केला आणि लिमिट होल्डेम जवळजवळ सोडवलाच. खरं आहे आणि कामही थोर आहे, पण तो खेळ दोघांचा होता. दोघांत रिव्हरला सारखं फोल्ड करणाऱ्याला समोरचा ब्लफ करून लुटतो, म्हणून तिथे कमकुवत पत्त्यांनीही कॉल करावा लागतो. तुमच्या हातात टर्नला तुमच्यासमोर बेट आणि रेज अशी दोन वेगळ्या माणसांची साक्ष होती. ते धडे तसेच्या तसे इथे लावू नका.

शेवटी, तुम्ही लिहिलंय की टाकताना तुम्ही नव्व्यांची जोडी टेबलाला उघडून दाखवलीत. ते कृपा करून बंद करा. सेट टाकणारा माणूस म्हणून तुमची ओळख झाली की शेजारचे तुमच्यावर टर्नला रिकाम्या हाताने रेज करू लागतील, आणि रिव्हरचा आठास एकवाला फोल्ड, जो आज बरोबर आहे, तो तुमच्यासाठी बरोबर राहणार नाही. पत्ते पालथेच डीलरकडे सरकवा.