लाद्यांचे घर्षण की लाद्या घासणे?

गिरगावातल्या एका वाचकाच्या इमारतीत सूचना लागली आहे: 'जिन्यातील लाद्यांचे घर्षण करण्यात येणार आहे.' हे मराठी बरोबर आहे का, आणि घासणे, खरवडणे, झिजणे यांत फरक काय, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते इथे शब्द चुकलाच आहे. लोकलची चाके रुळांवर घसरत नाहीत ती घर्षणामुळे. त्यात काही काढून टाकण्याचा किंवा गुळगुळीत करण्याचा हेतू कुठेच नाही. 'लाद्या घासून पॉलिश करण्यात येतील' हे नेमके मराठी.

क्रियापद निवडताना आपल्याला हवे काय आहे ते पाहावे. नारळ खवतो, गाजर किसतो, चंदन उगाळतो, तेव्हा सुटून येते तेच हवे असते. सुतार फळी तासतो, रंधा मारतो, पॉलिश पेपरने घासतो. तिथे भुसा टाकायचा, फळी ठेवायची. खरवडणे दोन्हीकडे चालते. दुधाच्या पातेल्याची खरवड मुले भांडून खातात, भिंतीचा जुना रंग खरवडून फेकून देतात. पण खरवडायला धार किंवा कड लागते, मग ती पत्र्याची असो, उलथन्याची की नखाची. घासायला ती लागत नाही.

झिजण्याला कर्ता नाही. जुन्या चाळींच्या पायऱ्या मधोमध झिजतात, त्या कुणी ठरवून झिजवलेल्या नसतात. 'झिजवणे' आहे, पण तेही उंबरठ्यांना नि चपलांना. लाद्या झिजवून घेतो असे कुणी म्हणत नाही.

शास्त्रीय संज्ञाच हवी तर भूगोलात 'अपघर्षण' आहे: लाटा वाळू-गोटे घेऊन किनाऱ्याचा खडक घासतात ते. वांद्र्याच्या बँडस्टँडला तो शब्द शोभतो, जिन्याला नाही.

जाता जाता, मोझॅक घासायच्या मशीनला लावतात त्या कार्बोरंडमच्या दगडाबद्दल. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांना १८९३ मध्ये या पदार्थाचे पेटंट मिळाले. त्यांनी नाव घडवले ते कार्बन आणि कोरंडम जोडून. कोरंडम हा शब्द मूळचा तमिळ 'कुरुंदम', संस्कृत 'कुरुविंद'चा नातलग, आणि मोसच्या काठिण्यश्रेणीत ९ व्या पायरीवरच्या या खनिजाला मराठीतही कुरुविंदच म्हणतात.