एक डेस्कटॉप, दोन खोल्या

प्रश्न : आमचा डेस्कटॉप हॉलमध्ये आहे. दोन दुकानांचे हिशेब मी त्यावर रात्री लिहिते; परंतु सासूबाई हॉलमध्येच झोपतात व त्यांना उजेडाचा आणि कीबोर्डच्या आवाजाचा त्रास होतो. मागच्या खोलीत बसून तोच संगणक वापरता येईल का? घरात वायफाय आणि एक जुना, संथ झालेला लॅपटॉप आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : नक्कीच येईल, आणि लॅपटॉप असल्यामुळे नव्याने फारसे काही विकत घ्यावे लागणार नाही. सगळे काम हॉलमधला डेस्कटॉपच करील. लॅपटॉप केवळ त्याचा पडदा दाखवील आणि तुम्ही दाबलेली बटणे तिकडे पोचवील, त्यामुळे त्याच्या संथपणाची अडचण सहसा जाणवत नाही.

प्रथम डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टीम’ आणि त्यात ‘अबाऊट’ उघडून विंडोज ‘प्रो’ आहे की ‘होम’, हे पाहा. प्रो असेल तर ‘सिस्टीम’मध्येच रिमोट डेस्कटॉपची सोय आहे, ती सुरू करा आणि लॅपटॉपवरच्या ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’मध्ये डेस्कटॉपचे नाव टाका. लॅपटॉपवर होम असले तरी चालते. या पद्धतीत हॉलमधल्या पडद्यावर फक्त कुलूपबंद स्क्रीन राहते. तुम्ही काय लिहीत आहात ते तेथे दिसत नाही. मात्र डेस्कटॉपवरच होम असेल, तर ही सोय मिळत नाही. तेव्हा क्रोम रिमोट डेस्कटॉप हे मोफत साधन वापरावे. त्यात तुमचे काम हॉलमध्येही दिसते, म्हणून मॉनिटर बटणाने बंद करून ठेवावा.

बहुतेकांचे घोडे अडते ते दोन ठिकाणी. रिमोट डेस्कटॉपला चार आकडी पिन चालत नाही, खात्याचा खरा पासवर्डच लागतो, आणि ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही त्याला तो आत घेत नाही. दुसरे म्हणजे डेस्कटॉप ‘स्लीप’मध्ये गेला की लॅपटॉपला तो सापडेनासा होतो; म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीपसाठी ‘नेव्हर’ निवडा आणि काम संपल्यावर तो आठवणीने बंद करा. शक्य असेल तर डेस्कटॉप राऊटरला लॅन केबलने जोडा. पडदा अडखळत असेल, तर बहुतेक वेळा दोष वायफायचा असतो. राऊटरमध्ये रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९ हा पोर्ट (इंटरनेटवरून आत येण्याचा क्रमांकित मार्ग) उघडण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो कृपया मानू नका. घरातल्या घरात त्याची गरज नाही, आणि तो उघडल्यास इंटरनेटवरून कोणीही तुमचा पासवर्ड ओळखण्याचा प्रयत्न करू शकतो.

एक मर्यादा मात्र आहे : तुम्ही आत काम करत असताना हॉलमध्ये दुसऱ्या कोणाला त्याच संगणकावर वेगळे काम करता येणार नाही. विंडोजच्या या आवृत्त्या एका वेळी एकालाच बसू देतात.

लॅपटॉप अगदीच निकामी ठरला, तर मागच्या खोलीत दुसरा मॉनिटर, कीबोर्ड व माऊस ठेवून वायरी ओढता येतात. साध्या यूएसबी वायरीची मर्यादा ५ मीटर आहे. त्यापुढे अॅक्टिव्ह एक्स्टेन्शन, म्हणजे संकेत मध्येच बळकट करणारी जोडवायर, घ्यावे लागते. अंतर बरेच असेल, तर कॅट-६ या लॅन केबलवर चालणारा केव्हीएम एक्स्टेंडर, म्हणजे मॉनिटर, कीबोर्ड व माऊस यांचे संकेत लांबवर नेणारे उपकरण, अधिक भरवशाचा. त्यासाठी भिंतीला लहान छिद्र पुरते, कारण केबल आधी ओवून टोकाचा प्लग नंतर बसवता येतो. एचडीएमआय वायरीचे तोंड मात्र आधीपासूनच बसवलेले आणि सुमारे दोन सेंटिमीटर रुंद असते, तेव्हा ड्रिल मारण्यापूर्वी ते मोजून घ्या.