बंब गळतो, डोकं जड होतं

प्रश्न : तांब्याचा बंब न्हाणीतच पेटवतो. हल्ली तो बुडाशी गळतो, शिवाय अंघोळीनंतर डोकं जड होतं. काय चुकतंय?

उत्तर : आधी डोक्याचं बघा, ते जिवावरचं आहे. बंद न्हाणीत धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. धूर थांबला तरी तो निघतच असतो. आजपासून बंब अंगणात पेटवा आणि गरम पाणी बादलीने आत न्या. चक्कर किंवा मळमळ वाटली तर लगेच उघड्यावर या आणि डॉक्टरांना गाठा.

गळती बहुधा कोरड्या बंबाला जाळ लागल्याने. पाणी असेपर्यंत मधल्या, जाळ असलेल्या नळीचा पत्रा १०० अंशांच्या फार वर जात नाही. पाणी उतरलं की तो भराभर तापतो. सांधे जोडणाऱ्या झाळीतलं कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून ती सुटते. आधी बंब भरा, तोटीतून धार पाहा, मगच ढलप्या पेटवा. जितकं पाणी काढाल तितकं लगेच ओता. पाणी संपलंच, तर निखारे ओढून बंब निवू द्या. तापल्या पत्र्यावर गार पाणी पडलं की वाफ तोंडावर उसळते. वरचं झाकण सैलच ठेवा. बाहेरून लांबी (पुट्टी) फासून भागणार नाही, तांबटाकडून नवी झाळ मारून घ्या.