सायोनारा : 'येते', 'जाते' की 'बरं तर'?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकी' या जपानी विरहगीताचा मराठी अनुवाद करताना 'सायोनारा'पाशी अडायला झालं. 'अलविदा' परकं वाटतं, 'निरोप' कागदी वाटतं, आणि 'येते' लिहिलं तर अर्थच उलटा होतो. मग काय लिहावं? त्याशिवाय अशा गाण्यांत भेटणाऱ्या 'हितोरिबोच्ची' आणि 'नागोरी' या दोन शब्दांची फोडही विचारली आहे.

'येते' का नको, तिथूनच सुरुवात करतो. आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. चुकून तोंडातून निघालंच तर आतून आजीचा आवाज येतो, "येतो म्हणावं रे!" जपानी घरातही हेच घडतं. बाहेर पडणारा म्हणतो 'इत्ते किमास'. इत्ते म्हणजे जाऊन, किमास म्हणजे येतो. घरातले म्हणतात 'इत्ते राश्शाइ', म्हणजे जाऊन या. शब्दाला शब्द! जपानीच्या पहिल्या काही धड्यांत हे समजलं तेव्हा मला इतका आनंद झाला होता की त्या दिवशी घरी फोन करून सगळ्यांना ते ऐकवलं.

म्हणजे आपल्या 'येतो'ची जागा जपानीत 'इत्ते किमास'ने घेतलेली आहे. सायोनारा त्या जागेवर नाही. घरच्या माणसाला सकाळी कोणी सायोनारा म्हणत नाही. मित्र 'जाआ, माता' म्हणतात, म्हणजे 'बरं मग, पुन्हा'. कचेरीतून निघणारा मागे राहिलेल्यांना 'तुमच्याआधी निघतो, क्षमा असावी' या अर्थाचं वाक्य म्हणतो. शाळा सुटताना मुलं शिक्षकांना सायोनारा म्हणतात, तेवढा एक रोजचा वापर चांगला टिकून आहे. एरवी मोठ्या माणसांच्या तोंडी हा शब्द आला की ऐकणारा थबकतो, कारण त्याला लांबच्या ताटातुटीचा वास असतो. गाण्यांना तो प्रिय आहे तो यामुळेच.

आपल्याकडे मात्र हा शब्द घरोघरी पोचला तो 1966 च्या 'लव्ह इन टोकियो'मधून, लता मंगेशकरांच्या आवाजात. त्या गाण्यातली नायिका उद्या पुन्हा येईन असं वचन देत सायोनारा म्हणते. गाणं गोडच आहे, मीही ते गुणगुणत मोठा झालो. पण त्यामुळे सायोनारा म्हणजे 'टाटा' किंवा 'पुन्हा भेटू' अशी आपली समजूत झाली, आणि अनुवाद करताना ती आड येते.

आता शब्दाची फोड. 'सायो' म्हणजे असं, त्या प्रकारचं. 'नाराबा' म्हणजे असेल तर. 'सायो नाराबा' म्हणजे 'असं असेल तर'. एदो काळात (1603 ते 1868) माणसं निघताना या शब्दांनी वाक्य सुरू करत आणि पुढे 'रजा घेतो' अशा अर्थाचं काही म्हणत. हळूहळू पुढचा भाग म्हणायची गरज उरली नाही. 'नाराबा'तला 'बा'ही गळला. उरला तो जर-तरच्या वाक्याचा पहिला तुकडा. काय असं आहे, ते सांगितलेलं नाही. असं असेल तर काय, तेही नाही. 'खुदा हाफिज' समोरच्याला देवाच्या हाती सोपवतो, 'पुन्हा भेटू' आशा देतो. सायोनारा यातलं काहीच करत नाही. समोर जे आहे ते आहे असं मानून घेतो आणि वाक्य अर्ध्यावर सोडतो. प्रेमभंगाच्या गाण्याला याहून नेमका शब्द कुठून मिळणार!

हे ऐकून कोणाला वाटेल की जपान्यांचं काही निराळंच. तसं मुळीच नाही. आपण फोन ठेवताना काय म्हणतो? "बरं मग…" पाहुणे उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणतात, "चला तर!" बोलण्यात निरोप नाही, जाणं नाही, भेटणं नाही, नुसतं 'तर' आहे. वाक्य पुढे नेणाऱ्या या अव्ययावरच आपणही रोज निरोप घेतो. जपानीतले 'जाआ', 'दे वा', 'सोरे दे वा' हे निघतानाचे सगळे शब्द याच घराण्यातले, 'तर मग' अर्थाचे.

सायोनाराचा थोरला भाऊ म्हणजे 'साराबा'. त्याचीही फोड 'तसं असेल तर' अशीच होते, आणि तो सायोनाराच्या कितीतरी आधीचा. 1884 साली शालेय गीतांच्या संग्रहात आलेल्या 'आओगेबा तोओतोशी' या गाण्यामुळे तो आजही जपान्यांच्या कानात आहे. तिकडे शाळेचं वर्ष मार्चमध्ये संपतं आणि शाळा सोडून जाणारी मुलं गुरूंचे उपकार आठवणारं हे गाणं पिढ्यान् पिढ्या गात आली. (त्याचं मूळ 1871 सालच्या एका अमेरिकी गाण्यात आहे हे 2011 मध्ये उघड झालं.) गाण्याचा शेवट आहे 'इमा कोसो वाकारेमे, इझा साराबा'. 'इमा' म्हणजे आता, 'वाकारे' म्हणजे ताटातूट. गाणाऱ्या बऱ्याच मुलांना 'वाकारेमे' म्हणजे वाट दुभंगण्याची जागा वाटते, कारण तसा एक शब्द आहे. पण इथला 'मे' वेगळा. जुन्या जपानीत 'कोसो' हे जोर देणारं अव्यय आलं की वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाचं रूप बदलावं लागतं. त्या नियमाने इच्छा दाखवणारा 'मु' इथे 'मे' झाला. म्हणून अर्थ 'आताच वेगळे होऊ या' असा. ताटातूट मुलांवर येऊन पडत नाही, ती मुलं ती स्वतःहून उचलतात. आणि 'इझा' म्हणजे 'चला'. 'इझा साराबा' म्हणजे तंतोतंत 'चला तर'! मराठी माणसाला हे समजावून सांगायला एक शब्दही जास्त लागत नाही.

'हितोरिबोच्ची'चं उत्तर लहान आहे. 'हितोरी' म्हणजे एकटा आणि 'बोच्ची' हा 'बोओशी'चा, म्हणजे बौद्ध भिक्षूचा, बोलण्यात झिजलेला अवतार. कोणत्याही मठाचा वा पंथाचा नसलेला एकटा भिक्षू, त्यावरून अगदी एकाकी माणूस. 1961 साली साकामोतो क्यूने गायलेल्या 'उए ओ मुइते आरुको' या गाण्यातली एकाकी रात्र याच शब्दाची आहे. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचं हे गाणं 1963 मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं, तेही 'सुकियाकी' या नावाने. सुकियाकी हा गोमांसाचा रस्सेदार पदार्थ, त्याचा गाण्याशी काडीचाही संबंध नाही. आपला 'एकटा जीव सदाशिव' रचनेने हितोरिबोच्चीच्या जवळ आहे, पण त्यात मोकळेपणा आहे, रडू नाही. अनुवादात तो चालणार नाही. 'एकटादुकटा'ही नको. 'एकटीच' पुरे.

'नागोरी' मात्र माझा फार आवडता. 'नामी' म्हणजे लाट, 'नोकोरी' म्हणजे उरलेलं. लाट ओसरल्यावर वाळूत मागे राहिलेलं पाणी, शेवाळ, शिंपले. ओहोटीच्या वेळी कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर खडकांच्या खळग्यांत हे दिसतं. पुढे जे गेलं त्याचा मागे राहिलेला अंश, आणि मग निरोपाच्या वेळी पाय न निघणं, असा अर्थ वाढत गेला. इसे शोझोने लिहिलेलं आणि 1975 मध्ये इरुका या गायिकेमुळे घरोघरी गेलेलं 'नागोरी-युकी' हे गाणं स्टेशनच्या फलाटावर घडतं. ती तोक्यो सोडून चालली आहे आणि वसंतात अवेळी बर्फ पडतोय. 'युकी' म्हणजे बर्फ. ऋतू संपला तरी मागे रेंगाळलेला तो बर्फ 'नागोरी'. मराठीत 'रेंगाळलेलं' चालेल. 'अवशेष' लिहू नका, त्याने उत्खनन आठवतं.

आता मूळ गाणं. 1977 सालचं, आकु यूचे शब्द, मिकी ताकाशीची चाल, आवाज इशिकावा सायुरीचा. तोक्योच्या उएनो स्टेशनातून रात्रीच्या गाडीने निघालेली बाई आओमोरीला बर्फात उतरते आणि सामुद्रधुनी ओलांडून होक्काइदोला नेणाऱ्या बोटीत एकटी चढते. (1988 मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि ती बोट बंद झाली.) तिथे ती 'सायोनारा, आनाता' म्हणते आणि 'काएरिमास' म्हणते.

'आनाता' म्हणजे तुम्ही. बायको नवऱ्याला हाक मारते तीही याच शब्दाने, म्हणून 'अहो' लिहायचा मोह होईल. तो टाळावा. गाण्यात लग्नाचा उल्लेख नाही, 'अहो'ने तिच्या गळ्यात मंगळसूत्र येईल. 'काएरिमास' हे 'काएरु'चं रूप, आणि 'काएरु' म्हणजे आपल्या मूळ जागी परतणं.

सायोनारासाठी मी 'बरं तर' लिहीन. 'बरं'मध्ये चांगलेपणा आहे आणि मूळ शब्दात तो नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण वाईट बातमी ऐकून घेतल्यावर आपल्या घरांतल्या बायका जे हळूच 'बरं' म्हणतात, त्यात चांगलं काय असतं? तोच सूर इथे हवा आहे.

आणि पुढे 'जाते' लिहावं, बेधडक. तुकोबांचा 'आम्ही जातो आपुल्या गावा, आमचा रामराम घ्यावा' हा अभंग आठवा. एरवी जो शब्द उंबऱ्यावर उच्चारू देत नाहीत, तोच तुकोबांनी उच्चारला, कारण ते परत येणार नव्हते. गावही 'आपुला'च म्हटला, जसं 'काएरु'त असतं. म्हणून बोटीतल्या त्या बाईच्या तोंडी मी एवढंच घालीन : "बरं तर… जाते मी, माझ्या घरी."