फुग्यात हेलियमच भर

बेळगावजवळच्या खानापुरात फुग्यांच्या सजावटीचं काम सुरू करतोयस, ऐकून बरं वाटलं. पण स्वस्त पडतो म्हणून हायड्रोजनकडं वळू नकोस. त्याचं वजन हेलियमच्या निम्मं, म्हणून तो दुप्पट उचलेल असं वाटतं. तसं नसतं भावा. उचल ठरते ती फुग्यानं बाजूला सारलेल्या हवेच्या वजनावर. लिटरभर हवा साधारण 1.2 ग्रॅम, हेलियम 0.17, हायड्रोजन 0.08. वजाबाकी कर: 1.03 आणि 1.12. फरक जेमतेम 8-9 टक्के! बारशाला पाळण्याशेजारी समई तेवत असते. तेवढ्या फायद्यासाठी तिथं भडका उडवणारा वायू न्यायचा?

हे आकडे समुद्रसपाटीचे. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, हवा विरळ, म्हणून उचल आठेक टक्के कमीच धर. 11 इंची फुग्यात 14 लिटरच्या आसपास हेलियम मावतो. रबराचे तीनेक ग्रॅम वजा जाता हाती 10 ग्रॅम उरतात. बाळाच्या नावाची पाटी, फीत, सगळं आधी काट्यावर तोलून बघ. आणि रबरातून हेलियम झिरपत राहतो, तेव्हा संध्याकाळच्या कार्यक्रमाचे फुगे दुपारनंतरच भर.