मुलगी ९ वर्षांची आहे, ते आधी बघ

तू विचारलंस, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून एमएस्सी झालंय, नेदरलँड्सला वागेनिंगेनमध्ये मातीतल्या सूक्ष्मजीवांवर पीएचडी मिळतेय, बायको आणि ९ वर्षांची मुलगी सोबत असेल, तर यावं का? व्हिसा, पगार वगैरे विद्यापीठाच्या पानावर आहे, ते मी उगाळत नाही.

काम उत्तम आहे. डच शास्त्रज्ञ बायेरिंकने १८८८ मध्ये कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतला, हवेतला नत्र पिकाला देणारा जिवाणू वेगळा केला तो याच देशात. त्याआधी तो वागेनिंगेनच्याच शेतकी शाळेत शिकवायचा. आपण २५० ग्रॅमची रायझोबियमची, म्हणजे त्याच जिवाणूची पुडी १० किलो बियाण्याला चोळतो, तिचं मूळ तिथलं.

पण माझ्या प्रबंधात आपली माती नाही. वडिलांच्या रानातली काळी, चुनखडीची माती आणायची होती, फक्त २ किलो. बाहेरची माती आणायला इथे बंदी, संशोधनासाठी वेगळा परवाना. अर्ज ७ महिने फिरला. एकदा तर ‘नमुन्यात कोणकोणते सूक्ष्मजीव आहेत ते लिहा’ म्हणून परत आला. अरे बाबा, तेच तर शोधायचंय! शेवटी गाईडने हात टेकले आणि मी इथल्या चिकणमातीवर ४ वर्षं काढली.

आता मुलीचं. इथे साधारण १२व्या वर्षी शाळाच शिफारस देते, कोण विद्यापीठाच्या वाटेला, कोण व्यवसाय शिक्षणाला. माझा मुलगा गणितात पहिला, पण डच अडखळत. बाईंनी खालची शिफारस लिहिली. ‘घरी डच बोलत नाही ना तुम्ही?’ मी मान हलवली आणि सही केली. भांडायला हवं होतं. पण कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, डोक्यात लॅबमधल्या मोजायच्या राहिलेल्या जिवाणूंच्या कॉलन्या. तो पुढे वर चढला, २ वर्षं जास्त गेली. आता म्हणतो, मला आठवतही नाही. मला त्या वर्गातल्या बुटक्या खुर्च्यासुद्धा आठवतात.

तेव्हा यायचं तर याच वर्षी ये, आणि तिचं डच तुझ्या प्रबंधाच्या आधी.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. कामाला लागायचं.

वडील दर रब्बीला विचारतात, आपल्या रानासाठी काय शोधलंस? गेल्या डिसेंबरात त्यांनी हरभऱ्याचं रोप उपटून व्हिडिओ कॉलवर धरलं आणि मुळावरची गाठ नखाने फोडली. आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे जिवाणू काम करतोय, हे एमएस्सीला असताना मीच त्यांना दाखवलं होतं.

“पुडी राहुरीचीच आहे,” म्हणाले.

“अजून एक फोडा,” मी म्हटलं.